मरणाने हिशेब फिटतो काय?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आपण पायाच्या अंगठ्याने कारिट चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि नरकासुर मेला म्हणून दिवे उजळतो. कथेकरी सांगतात की, मरतेसमयी त्या असुराने स्वतःच वर मागून घेतला : माझ्या मृत्यूचा दिवस लोकांनी सण म्हणून पाळावा. आता वाचकांनी क्षणभर अशी कल्पना करावी की, नरकासुर हा मुळात असुर नव्हताच. जगाने आपापसांतले वैर विसरून एकत्र दिवे लावावेत, एवढ्यासाठी त्याने असुराचे सोंग घेतले आणि आपल्याला मारणारे शस्त्रही आपणच नेऊन मारणाऱ्याच्या हाती दिले. असा नरकासुर वंद्य मानावा की निंद्य?

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. जपानमध्ये ऑक्टोबर २००६ ते सप्टेंबर २००८ या काळात दोन पर्वांत आणि पन्नास भागांत 'कोड गिअस' नावाची चित्रमालिका दाखवली गेली. या प्रकाराला तिकडे ॲनिमे म्हणतात. तिचे दिग्दर्शक गोरो तानिगुची आणि कथालेखक इचिरो ओकोउची. तिचा नायक लेलूश हा नेमका असा हौसेने झालेला नरकासुर आहे. मालिका संपून इतकी वर्षे लोटली, तरी त्याच्या शेवटच्या आत्मबलिदानावरचा वाद मिटलेला नाही. घरातल्या तरुण मंडळींना ही कथा मुखोद्गत असेल. ज्येष्ठांसाठी तिचा सारांश देतो.

ब्रिटानिया नावाच्या एका कल्पित साम्राज्याने जपान जिंकला आहे. देशाचे नाव पुसून त्याला 'अकरावा विभाग' म्हटले जाते आणि जपानी माणसाला 'इलेव्हन', म्हणजे नुसता आकडा. लेलूश हा त्याच साम्राज्याचा टाकून दिलेला राजपुत्र. आईचा खून झालेला. बहीण नानली आंधळी आणि पांगळी. बापाने दोघा भावंडांना ओलीस म्हणून परदेशी धाडलेले. सतराव्या वर्षी त्याला 'गिअस' ही विद्या लाभते : समोरच्याच्या डोळ्यांत पाहून आज्ञा करावी आणि त्याने ती पाळावीच, मात्र एका माणसावर एकदाच. मुखवटा चढवून तो 'झीरो' या नावाने बंड उभारतो. त्याचा बालमित्र सुझाकू हा जपानच्या अखेरच्या पंतप्रधानाचा मुलगा. तो मात्र साम्राज्याच्या सैन्यात राहून आतून सुधारणा करू पाहतो. दोघे मित्र, दोघे वैरी. अखेरीस लेलूश बापाचा नाश करून सिंहासन बळकावतो, भाऊ श्नायझेल याच्याशी लढून सारे जग पायाखाली घालतो आणि क्रूर हुकूमशहा म्हणून सर्वांचा द्वेष स्वतःवर ओढून घेतो. मग ठरल्याप्रमाणे झीरोचा मुखवटा घातलेला सुझाकू भर मिरवणुकीत त्याच्या छातीत तलवार खुपसतो. कैद्यांच्या बेड्या तुटतात, लोक झीरोचा जयघोष करतात, आणि मरणाऱ्या भावाचा हात हातात येताच नानलीला सारे उमगते. तिचा त्या वेळचा आक्रोश ऐकून ज्याचे डोळे ओले झाले नाहीत, त्याच्याशी आम्हाला वाद घालायचाच नाही.

आमचा वाद डोळे ओले झालेल्यांशीच आहे. कारण रडून झाल्यावर ते लगेच निकालही देऊन टाकतात : लेलूशने केले ते योग्यच केले.

त्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि तो दुबळा करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात : त्याच्या बापाला मनामनांतले पडदे फाडून जग भूतकाळात गोठवायचे होते, भावाला आकाशातून अस्त्राचा धाक घालून ते वर्तमानात गोठवायचे होते, उद्याचा दिवस मागणारा एकटा लेलूशच होता. सम्राट होताच त्याने सरदारशाही मोडली, जिंकलेल्या देशांतल्या लोकांवरचा आकड्यांचा शिक्का पुसला. आणि या सर्वांचे मोल म्हणून नुसता प्राण नव्हे, तर कीर्तीही दिली. देशासाठी मरणारे पुष्कळ असतात; पण देशाने आपल्या नावावर थुंकावे म्हणून मरणारा विरळा. कोणी 'गीतारहस्य' वाचलेला असेल तर तो पुढे जाऊन म्हणेल की, लोकमान्यांनी कर्माची परीक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून करायला सांगितली आहे. इथे फळाची आशा तर उरलेलीच नाही.

एवढे सगळे मान्य करूनही आम्ही 'नाही' म्हणतो. कारण बलिदानाला एक साधी अट आहे : द्यायची वस्तू आपली असावी लागते. दधीचीने अस्थी दिल्या त्या स्वतःच्या; शेजारच्या ऋषीच्या दिल्या असत्या तर पुराणाने त्याला खुनी म्हटले असते. लेलूशने यज्ञात काय काय टाकले याची यादी करा. त्यात त्याचा प्राण आहे, कीर्ती आहे. ती निःसंशय त्याची होती. पण त्याच कुंडात गिअसने गुलाम केलेले दरबारी आणि सैनिक आहेत, ज्यांची इच्छाच पुसून टाकली गेली आणि जे मालकासाठी मरताना आपण का मरतो हे जाणू शकले नाहीत. त्यात फुजी पर्वताच्या पोटातल्या खाणी उडवल्या तेव्हा जळालेली माणसे आहेत. त्यात नानलीही आहे. जिच्यासाठी हे सारे आरंभले म्हणतात, ती बहीण अस्त्राची किल्ली हाती धरून, डोळे उघडून भावाला स्पष्ट नकार देते. आणि भाऊ तिच्याच डोळ्यांत पाहून तो नकार हिरावून घेतो. ज्याला बहिणीचे 'नाही' सोसवत नाही, त्याला तिच्या नावाने जगाचा उद्धार करण्याचा अधिकार कोणी दिला? आणि त्यात सुझाकूही आहे. त्याला मरणाची मुभाही नाही. उरलेले आयुष्य त्याने मुखवट्याआड, स्वतःचे नाव आणि सुख टाकून कंठायचे. त्याने हे पत्करले, हे खरे. पण एकाच्या हौतात्म्यासाठी दुसऱ्याला जन्मठेप लागते, हेही तितकेच खरे.

यावर लेलूशचे चाहते त्याचे ब्रीद पुढे करतात : जो मरायला तयार आहे त्यानेच मारावे. हे वाक्य ऐकायला तेजस्वी आहे. तपासायला घेतले की पोकळ निघते. फासावर जाण्याची तयारी ठेवून दरोडा घालणारेही असतात. त्या तयारीने दरोडा पवित्र होत नाही. मरणाऱ्याने कुणाला विचारले होते की, तुझ्या प्राणाच्या बदल्यात माझा प्राण चालेल काय? ही देवघेव एकतर्फी आहे. मारणाऱ्याने भाव ठरवला, मारणाऱ्यानेच तो योग्य म्हटला, आणि ज्याचा माल गेला त्याला बाजारात बोलावलेच नाही. गांधीजी साधनशुचितेचा आग्रह धरीत तो केवळ साधुत्वाच्या हौसेने नव्हे. साधनात जी माणसे चिरडली जातात त्यांच्यासाठी ते साधन हेच अखेरचे साध्य ठरते. उद्याचा सूर्य त्यांना दिसत नाही.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे, आणि तो युफेमिया या मुलीविषयीचा आहे. ही लेलूशची सावत्र बहीण, सुझाकूची प्रिया. जपान्यांना त्यांचे नाव परत मिळावे म्हणून ती एक स्वायत्त प्रदेश जाहीर करते आणि लेलूशलाही क्षणभर पटवते. नेमके त्याच क्षणी गिअस त्याच्या ताब्याबाहेर जाते आणि त्याने थट्टेत काढलेला, जपान्यांना मारण्याचा शब्द आज्ञा ठरतो. कोवळी मुलगी कत्तलीचा हुकूम देते. लेलूश तिला गोळी घालतो. इथवर अपघात आहे, दैवदुर्विलास आहे. पण त्यानंतर काय होते? त्याच कत्तलीच्या संतापावर लेलूश आपले बंड पेटवतो. युफेमिया 'कत्तलखोर राजकन्या' म्हणून जगाच्या तोंडी राहते, आणि मालिका संपेपर्यंत तिचे नाव चारचौघांत धुतले गेलेले आपल्याला दिसत नाही. लेलूशने स्वतःचे नाव जाळले म्हणून आपण हळहळतो. पण त्याआधी त्याने एका निरपराध मुलीचे नाव जाळून त्यावर हात शेकले होते, आणि ते परत करणे एका वाक्याने शक्य असताना केले नाही. का? कारण ते वाक्य उच्चारले असते तर मुखवटा फाटला असता.

इथेच या बलिदानाचे मर्म उघडे पडते. लेलूशने आपला आरोप स्वतः निवडला, न्यायाधीश स्वतः झाला, मारेकरी स्वतः नेमला आणि तारीखही स्वतः ठरवली. ज्या जुलमासाठी तो मेला तो त्याने मुद्दाम वठवलेला होता. जे गुन्हे त्याच्या हातून खरोखर घडले, त्यांची सुनावणी कधी झालीच नाही. याला प्रायश्चित्त म्हणत नाहीत. आपल्याकडे प्रायश्चित्तातही पापाचा उच्चार आधी करावा लागतो. नुसता देह झिजवून भागत नाही. लेलूशने प्राण दिला, पण कबुली दिली नाही. आणि दोहोंत अवघड काय होते, हे ज्याने कधी घरातल्या माणसासमोर आपली चूक बोलून दाखवली आहे त्याला विचारावे.

कोणी म्हणेल, पर्याय तरी काय होता? होता. श्नायझेल त्याच्या मुठीत होता, अस्त्र त्याच्या हाती होते, साम्राज्याची उतरंड त्याने मोडलेली होती. राष्ट्रांचा एक संघही अस्तित्वात होता. तो झीरो म्हणून त्यानेच उभा केला होता. त्या संघापुढे मुखवटा काढून, 'मी हे हे केले, युफेमिया निर्दोष होती, आता माझा निवाडा करा' असे म्हणता आले असते. त्याने शांतता डळमळली असती, अशी भीती घातली जाते. पण सत्य कळताच जी शांतता डळमळते, तिला शांतता म्हणावे की झोप? शिवाय या योजनेत एक मोठी सोय दडली आहे. साम्राज्याच्या लुटीवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले सरदार, व्यापारी, शिपाई, मुकाट पाहणारे नागरिक, या सर्वांचे पाप एका माणसाच्या डोक्यावर गेले आणि तो मरताच सारे धुतल्या तांदळासारखे झाले. खऱ्या इतिहासातही असे घडते. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यानंतर २३ डिसेंबर १९४८ रोजी सात जणांना फाशी झाली. त्या काही जणांच्या आड बाकीच्यांनी जबाबदारी झटकली, हा आक्षेप जपानी विचारवंतांनीच पुढे घेतला. द्वेष एका ठिकाणी गोळा करून पुरता येतो. त्याची मुळे मात्र जिथे असतात तिथेच राहतात.

जपानी बाळगोपाळांची एक आवडती गोष्ट आहे. हिरोसुके हामादा यांनी ती १९३०च्या दशकात लिहिली. तांबड्या राक्षसाला गावकऱ्यांशी मैत्री करायची असते, पण लोक त्याला भितात. तेव्हा त्याचा निळा मित्र गावात धिंगाणा घालतो आणि तांबड्याकडून मार खातो. गाव तांबड्याला आपला म्हणते. निळा मात्र पत्र लिहून कायमचा निघून जातो, आणि ते पत्र वाचून तांबडा रडत राहतो. लेलूशची कथा या गोष्टीची सख्खी बहीण शोभेल, आणि त्याचे चाहते तिचा दाखला आनंदाने देतील. त्यांनी एवढेच पाहावे की, निळ्या राक्षसाने कुणाचा जीव घेतला नाही, कुणाची इच्छा बांधली नाही, कुणा मुलीच्या नावाला काळिमा लावला नाही. त्याने दिले ते सर्वस्वी आपले दिले. म्हणून ती गोष्ट मुलांना निःशंकपणे सांगता येते.

मग लेलूशसाठी आलेले अश्रू खोटे काय? मुळीच नाहीत. १७०३ साली सत्तेचाळीस रोनिनांनी धन्याचा सूड घेतला तेव्हा सारा जपान त्यांच्यावर लुब्ध झाला होता. त्या वेळी ओग्यू सोराई या पंडिताने मत दिले की, यांची निष्ठा खाजगी अर्थाने गौरवास्पद आहे, पण खाजगी निष्ठेसाठी सार्वजनिक कायदा मोडू देता येणार नाही. यांना मानाने मरू द्यावे, निर्दोष मात्र म्हणू नये. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताला जे साधले ते आपल्याला का साधू नये? माणसावर माया करावी आणि त्याच्या कृत्याला योग्य म्हणू नये, या दोन गोष्टी एका हृदयात सुखाने नांदू शकतात. घरोघरच्या आया हे रोज करीत असतात.

पुढे २०१९ साली निर्मात्यांनी, थोडी निराळी कथा धरून, एका चित्रपटात लेलूशला जिवंतही केले. गल्ल्यावर बसलेल्यांना मरणही अखेरचे वाटत नाही, असे म्हणून ते सोडून देऊ. आमची विनंती घरातल्या तरुण वादपटूंना आहे. या सुट्टीत फराळाच्या ताटाभोवती हा वाद पुन्हा रंगेल, तो रंगावाच. लेलूशची बाजू घेणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. मात्र त्याने युफेमियाच्या बाजूने पाच मिनिटे बोलून दाखवावे, आणि मगच निकाल द्यावा.