किडीला ‘सवय’ होत नाही, तिची निवड होते

‘अळीला औषधाची सवय झाली’ हे वाक्य कापूस उत्पादक भागात सर्रास ऐकू येते. कृषी मेळाव्यांच्या व्यासपीठांवरूनही ते उच्चारले जाते. मात्र ते चुकीचे आहे. कोणत्याही एका अळीला विषाची सवय होत नसते. आनुवंशिक फरकामुळे काही थोड्या अळ्या आधीपासूनच तग धरणाऱ्या असतात. फवारणीत इतर मरतात आणि पुढील पिढ्यांत या थोडक्यांचीच संतती वाढत जाते. हीच नैसर्गिक निवड होय.

उत्क्रांतीशास्त्राने हा पुरावा शेतीतूनच उचलला. आजच्या युक्रेनमध्ये १९०० साली जन्मलेले थिओडोसियस डॉबझॅन्स्की यांनी संशोधनाचा प्रारंभ ढालकिड्यांपासून केला. १९२७ मध्ये अमेरिकेस गेल्यावर त्यांनी ड्रोसोफिला माशीच्या नैसर्गिक समूहांचा अभ्यास केला. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्यांनी निवडीचा दाखला म्हणून कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांमधील खवले किडींचे उदाहरण दिले. विषारी वायूच्या धुरीला त्या किडी दाद देईनाशा झाल्या होत्या. १९७३ मध्ये, आयुष्याच्या उत्तरार्धात, त्यांनी जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी लेख लिहून उत्क्रांती हाच या विषयाचा कणा असल्याचे आग्रहाने मांडले.

भारतात या कण्याची उणीव बोंडअळीने दाखवून दिली. २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली, तेव्हा भोवती बिगर बीटी ओळी लावण्याची अट होती. त्या ओळींतील संवेदनक्षम पतंगांचे प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन होऊन प्रतिकारक्षमतेचा प्रसार मंदावावा, हा तिचा हेतू होता. हेतू न समजल्याने अनेकांना त्या ओळी म्हणजे जमिनीचा अपव्यय वाटला. फरदडीमुळे अळीला बीटी पिकावर अधिक पिढ्या मिळाल्या. २०१० मध्ये गुजरातमधील गुलाबी बोंडअळीची प्रतिकारक्षमता जाहीर झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात मात्र बिगर बीटी क्षेत्र पुरेसे राखल्याने हीच अळी दीर्घकाळ संवेदनक्षम राहिली.

अशा स्थितीत २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. परंतु शेतीत उतरणारे कित्येक तरुण तेथवर पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी ही जबाबदारी आता कृषी विस्ताराने उचलली पाहिजे. कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रत्येक कीड व्यवस्थापन प्रशिक्षणात निवडीची प्रक्रिया स्थानिक किडीच्या उदाहरणासह शिकवली जावी. कीटकनाशक आलटून पालटून वापरण्याची शिफारस करताना तिचे कारणही सांगितले जावे. कारण उमगलेला शेतकरी तपासणीस कोणी आले नाही तरी त्या ओळी लावील.