फ्यूजच्या जागी जाड तार नको

ऊसविकास विभागाची माणसे बांधावर येतात ती बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या बोलायला. आम्ही फ्यूजवर लिहायला बसलो म्हणून कुणी हसेल. पण सिरसाळा भागात उन्हाळ्यात ऊस वाळतो तो दर वेळी विहीर आटली म्हणून नव्हे. विहिरीत पाणी असते, आणि मोटार नाहीतर डीपी जळालेली असते.

डीपीची पेटी लांबूनच पाहा. किटकॅटमध्ये फ्यूजची तार क्वचित दिसते. ॲल्युमिनियमची पिळलेली तार मात्र हमखास. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी ती बांधतो आणि "आता उडायचा नाही" म्हणत घरी जातो. खरंच उडत नाही. पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर साधारण ७ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. तेवढे सोसावे आणि त्यापलीकडे वितळावे, एवढेच फ्यूजचे काम. जाड तार वितळत नाही, तोवर केबल, वाइंडिंग आणि ट्रान्सफॉर्मर तापत राहतो.

कारखान्यात चिनीमातीच्या नळीचे एचआरसी फ्यूज असतात. आत चांदीची किंवा तांब्याची पट्टी, भोवती बारीक वाळू. मोठे शॉर्टसर्किट झाले की पट्टी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत वितळते, ठिणगी वाळूतच विझते. मोटारीचा वेग इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हने ठरतो तिथे याहून चपळ फास्ट फ्यूज लागतात. ड्राइव्हमधले नाजूक भाग तांब्याच्या वाइंडिंगइतके तापणे सोसत नाहीत. असा फ्यूज महाग पडतो. तरी उडाला तर वायरमन आधी कारण शोधतो आणि त्याच जातीचा, तेवढ्याच अँपिअरचा नवा घालतो. तिथे तार बांधायचे कुणाच्या मनातही येत नाही.

मात्र हा फास्ट फ्यूज विहिरीवर आणू नका, मोटार सुरू होतानाच उडेल. तिथे मोटारीसाठीचाच एचआरसी हवा. शिवाय तीनपैकी एक फ्यूज उडाला तर मोटार दोन फेजवर घुरघुरून जळते. म्हणून स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि नीट लावलेला रिले पाहिजेच. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढणाऱ्यांना आम्ही काय सांगावे!

मोटार जळाली तर ज्याची त्याची. डीपी जळाली की तिच्यावरच्या सगळ्यांचा ऊस वाळतो. वाऱ्याने तारा एकमेकींना लागून ठिणग्या पडल्या, किंवा तार तुटून ओल्या सरीत पडली, तर योग्य फ्यूज वीज तोडण्याची आशा तरी असते. जाड तारेवर ती तशीच जिवंत राहते, आणि पहाटे अंधारात दारे धरणारा माणूस त्याच सरीत उतरतो.

लाइनमन वेळेवर येत नाही, पाळी हुकते, ही तक्रार खरी आहे. तरी डीपीला स्वतः हात लावू नका. आणि जाड तार बांधणाऱ्याला त्याच डीपीवरच्या सभासदांनी अडवले पाहिजे. भावकीची भीड इथे कामाची नाही. दर डीपीमागे वर्गणी काढून उन्हाळ्याआधी लाइनमनकडून सगळे फ्यूज बदलून घ्यावेत. कोणत्या मोटारीला कोणता फ्यूज, हे कारखान्याच्या वायरमनने सभासदास लिहून द्यावे, अशी आमची संचालक मंडळाकडे मागणी आहे. तेव्हा लागणीची नोंद द्यायला येताना मोटारीचा हॉर्सपॉवर आणि डीपीवर किती मोटारी आहेत तेही लिहून आणा.