मन शांत, शरीर बेचैन

भगिनींनो, आजचे दुखणे असे आहे की ते जावेला सांगवत नाही, आईला सांगवत नाही. नवऱ्याला सांगावे तर तो भलताच अर्थ काढील अशी धास्ती. म्हणून हे पान लपवून ठेवू नका. घरातल्या पुरुषमाणसांनाही वाचायला द्या.

बदलापूरजवळच्या खेड्यातली एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. भाजीची पाटी घेऊन ती पहाटेच्या लोकलने अंबरनाथला नाही तर उल्हासनगरला निघाली आहे. मनात विचार आहे तो भेंडीला भाव काय मिळेल याचा. आणि गाडीच्या हादऱ्याने गुप्तांगात एकाएकी ठणका सुरू होतो. रक्त भरल्यासारखे जड वाटते, शरीरसंबंधाच्या वेळी येते तशी उत्तेजना येते. इच्छा मात्र कसलीच नसते. तरी ती तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस ओसरत नाही. तृप्ती झाली तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच. बसवत नाही, झोप लागत नाही. शेवटी ती स्वतःलाच विचारते, 'माझी चाल तर वाईट नाही ना?'

नाही, बाई. हा आजार आहे. अमेरिकेतल्या सँड्रा लाइब्लम आणि शेरॉन नाथन या दोन तज्ज्ञ स्त्रियांनी २००१ साली त्याची लक्षणे मांडून त्याला नाव दिले. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, ते दुःखाने नव्हे. तसेच हे. शरीर उत्तेजित होणे वेगळे आणि मनात इच्छा होणे वेगळे.

कारणे अनेक. गुप्तांगाकडे जाणाऱ्या नसेवर दाब येतो. माकडहाडाच्या वर नसांच्या मुळाशी पाण्याच्या गाठी होतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडतात. कधी उदासीवरची काही औषधे एकदम बंद केल्यानेही हा त्रास सुरू होतो. काळजीने तो वाढतो. पण म्हणून तो खोटा ठरत नाही.

उपाय काय? अंगारे-धुपारे नकोत, कसले लेप नकोत. मुलगी कुमारी असेल तर 'लग्न लावा, बरी होईल' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. आधी आशाताईंना विश्वासात घ्या. मग उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्रास केव्हा होतो, कशाने वाढतो, कोणती गोळी चालू किंवा बंद केली, हे कागदावर लिहून न्या. बोलायची लाज वाटली तर तो कागदच पुढे करा. लघवीची आणि आतली तपासणी होईल. गरज पडल्यास मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नसांच्या डॉक्टरांकडे पाठवतील. स्नायू सैल करण्याचे व्यायाम, औषधे, नसेजवळ द्यायचे इंजेक्शन असे उपचार आहेत. सर्वांना एकच लागू पडत नाही, धीर धरावा लागतो. तोवर कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा, घट्ट कपडे टाळावेत. चालू औषध मनाने बंद करू नये.

पुरुषांनाही एक सांगणे. इच्छा नसताना इंद्रियाचा ताठरपणा चार तासांवर टिकला, तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. उशीर झाल्यास कायमचे नुकसान होते. सिकलसेलच्या रुग्णांना, लहान मुलांनाही, हा धोका असतो.

असल्या गोष्टी छापू नयेत, असे कोणी म्हणेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली आणि त्यापायी कोर्टाची पायरी चढले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, पण प्रश्न विचारणाऱ्यांची गरज काही संपली नाही.

आणि दादा, तुमच्या घरच्या बाईने हे तुम्हांला सांगितलेच, तर संशय घेऊ नका आणि हसूही नका. तिने सांगितले याचा अर्थ तिचा तुमच्यावर भरवसा आहे. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात जा.