वाचक टिकवायचा, तर पत्र लिहा

तुम्ही फेसबुकवर एक कथा टाकली आणि दोनशे लाइक्स आले. आठवड्याने दुसरी टाकली. त्या दोनशेंपैकी किती जणांना ती दिसली, सांगता येईल? नाही येणार, कारण ते फेसबुक ठरवतं. वाचक तुमचे असले तरी त्यांच्यापर्यंत जाणारी वाट दुसऱ्याच्या हातात आहे.

ती वाट बंदही होऊ शकते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. थोड्याच दिवसांत ॲप बंद पडलं आणि तिथे कष्टाने जमवलेले फॉलोअर्स कुणालाच सोबत नेता आले नाहीत.

म्हणून लिहिणाऱ्याने ईमेल न्यूजलेटरचा विचार करावा. न्यूजलेटर म्हणजे ठरलेल्या दिवशी वाचकाच्या इनबॉक्समध्ये जाणारं तुमचं पत्र. सबस्टॅकसारख्या सेवेवर ते मोफत सुरू करता येतं. वाचकांच्या ईमेल पत्त्यांची यादी उतरवून घेता येते, त्यामुळे उद्या सेवा बदलली तरी वाचक तुमच्यासोबत येतात. इंदूर, बडोदा किंवा बेंगळुरूच्या ज्या घराजवळ मराठी मासिक मिळत नाही, तिथेही पत्र पोचतं.

पण यादी विचारून करा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये न विचारता जोडलं की तुम्हाला जसा राग येतो, तसाच त्यांनाही येतो. शिवाय चिडलेले लोक 'स्पॅम'चं बटण दाबतात. असं वारंवार झालं, तर ज्यांना तुमचं पत्र हवं आहे त्यांचंही ते स्पॅममध्ये जाऊ लागतं.

दुसरी गोष्ट, दिवस पाळा. दर आठवड्याला जमणार नसेल, तर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाठवा, पण नक्की पाठवा. पेपरातलं आवडतं सदर ज्या वारी येतं, तो वार आपल्या लक्षात असतोच ना? वाचकाला तशीच तुमची सवय लागली पाहिजे.

तिसरी गोष्ट, एकाच माणसाला लिहा. साने गुरुजींनी आपल्या पुतणीला, सुधाला लिहिलेली पत्रं 'साधना' साप्ताहिकात येत. पुढे त्यांचं 'सुंदर पत्रे' हे पुस्तक झालं. पत्रं एका मुलीच्या नावाची होती, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच वाटली. 'सर्व वाचकांस नमस्कार' म्हणण्याऐवजी आत्याला किंवा जुन्या मैत्रिणीला सांगावं तसं लिहा. शेवटी एखादा खराखुरा प्रश्न विचारा आणि जो उत्तर देईल त्याला उलट लिहा. लेखकाचं उत्तर आलेला वाचक सहसा सोडून जात नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. साधारण १०२ केबीपेक्षा मोठं पत्र जीमेल मध्येच कापतं. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला संगणकात तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एकच. त्यामुळे आपलं पत्र ही मर्यादा लवकर गाठतं. दीर्घकथा असेल तर दोन भागांत पाठवा.

किती जणांनी पत्र उघडलं, हा आकडा रोज पाहत बसू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की वाचकाने पत्र उघडलं नसलं तरी ते उघडल्याची नोंद होऊ शकते. त्यापेक्षा उलट उत्तरं किती आली ते मोजा. कुणी यादीतून नाव काढलं तर वाईट वाटेल, पण वाटून घेऊ नका. नको असलेलं पत्र कुणाच्या दारात टाकण्यात काय अर्थ?

सुरुवातीला पंधरा-वीसच नावं असतील. पण कल्पना करा, वीस माणसं दर महिन्याला तुमच्या घरी येऊन तुमची कथा ऐकतात. त्याला आपण कमी म्हणू का?

आजच दहा ओळखीच्या माणसांना विचारा, 'महिन्यातून एकदा माझं पत्र चालेल का?' जे हो म्हणतील, त्यांच्यासाठी पहिलं पत्र लिहायला बसा.