ताळा जुळला का?

बालमित्रांनो, माळा आवरताना जुनी सीडी सापडली, तर ती लगेच फेकू नका हं! तिच्यावर आजोबांची आवडती नाट्यगीतं असतील, नाहीतर लालबागच्या मामाच्या लग्नातली सनई. काळ्या घोड्याचं 'रिदम हाउस' हे सीडींचं प्रसिद्ध दुकान २०१६ साली बंद झालं. दुकानातली सीडी एक वेळ दुसरीकडे मिळेल. पण घरच्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत कुठून आणणार? म्हणून ती संगणकात उतरवून ठेवायची. पण ती बिनचूक उतरली, हे ओळखायचं कसं?

सीडी १९८२ साली बाजारात आली. एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मोजमापं तिच्यावर असतात, तीही डाव्या-उजव्या बाजूंची वेगळी. म्हणजे सेकंदाला ८८,२०० आकडे! ओरखडा पडला की त्यांतले काही वाचता येत नाहीत. तरी गाणं चालूच राहतं. का बरं? कारण हे आकडे सलग न लिहिता विखरून लिहिलेले असतात आणि सोबत पडताळणीचे जादा आकडेही असतात. वहीचं पान फाटलं तर अख्खा धडा जातो. पण तोच धडा दहा पानांवर विखुरला असेल, तर प्रत्येक ओळीतला एखादाच शब्द जातो आणि तो भरून काढता येतो. आकड्यांच्या रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा ओरखडा असा भरून निघतो.

ओरखडा त्याहून मोठा असेल तर यंत्र शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजानं घालतं. ऐकताना ते खपून जातं. पण उतरवताना तोच अंदाज खरा म्हणून कायमचा नोंदला जातो आणि यंत्र ब्रही काढत नाही! फायलींच्या सीडीवर तपासणीचा आणखी एक थर असतो, गाण्यांच्या सीडीवर तो नसतो.

मग करायचं काय? गणितात करतो तेच. ताळा पाहायचा! २३ × १४ = ३२२. २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ चीही ५. पाच पाचे पंचवीस, दोन नि पाच सात. उत्तराची बेरीजही सात. जुळला ताळा! संगणकही सगळ्या आकड्यांचा मिळून असाच, पण फार मोठा ताळा काढतो. सीडी दोनदा उतरवा. ताळे सारखे आले तर बहुधा ठीक. पण दोन्ही वेळा तीच चूक होऊ शकते. म्हणून दुसऱ्या संगणकावरही उतरवून पाहा. दुकानातली सीडी असेल, तर तशाच दुसऱ्या सीडीच्या ताळ्याशीही पडताळता येतं.

आणि हो, सीडी गोल गोल पुसू नका. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. पालकांनो, ताळा जुळला तरी मूळ सीडी जपून ठेवा.

आता कोडं: कुणी ३२२ ऐवजी २३२ लिहिलं, तर आपला ताळा ही चूक पकडेल का? विचार करा. उत्तर पुढच्या अंकात!