चाळिशी : चष्मा की ऑपरेशन?

"माझं माहेर पेणचं. दरवर्षी गणपतीआधी रोह्याहून जाऊन घरच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. यंदा बारीक रेषच दिसेना! लेझरनं चाळिशी जाईल का हो?"

ताई, चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होतं. लेझरनं ते पुन्हा लवचीक होत नाही. लेझरनं एक डोळा जवळचं, दुसरा लांबचं पाहील असं करतात. पण अंतराचा अंदाज थोडा चुकतो. कुंचल्याला ते चालेल का, हे आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून अजमावा.

भिंग काढून बहुकेंद्री भिंगही बसवतात. त्यानं रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं, तर तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा.

तोवर डोळे तपासून चष्मा घ्या. बाप्पाचे डोळे आखताना चष्म्याची लाज कसली?