डॉक्टर, ते मला सांगायचं होतं

डॉक्टर,

रिपोर्ट नॉर्मल आले याचा मला राग आलेला नाही, हे आधीच सांगते. तसा समज करून घेणं तुम्हाला सोयीचं जाईल, म्हणून.

पहिल्या भेटीत तुम्ही विचारलं होतं, "चप्पल पायातून निसटते का? निसटली की लगेच कळतं, की पुढे गेल्यावर लक्षात येतं?" तोवर साताऱ्यात बी-१२ची इंजेक्शनं झाली होती, मानेचा पट्टा झाला होता, 'चाळिशीनंतर असं व्हायचंच' हेही ऐकून झालं होतं. पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पायातली ताकद कमी झालीय की संवेदना, हे तुम्ही चपलेवरून ओळखायला बघत होतात. लगेच कळतं, म्हणाले मी. तुम्ही ते लिहून घेतलंत. मला वाटलं, हा माणूस ऐकतो.

आणि तुम्हीच आपणहून म्हणालात, "जे निघेल ते तुम्हाला सरळ सांगेन. नाही कळलं तर नाही कळलं म्हणेन." मी मागितलं नव्हतं हो हे वचन.

मग ईएमजी झाली. सुया पोटरीत, मांडीत, अंगठ्याच्या मुळाशी. "आज स्वच्छ आहे," तुम्ही म्हणालात, "पण सुरुवातीला ही तपासणी स्वच्छ येऊ शकते. सहा महिन्यांनी परत करू."

हे वाक्य घेऊन मी घरी कशी राहिले असेन, याचा विचार केलात? तुम्ही आजाराचं नाव घेतलं नाहीत. पण पोटरीतली लवलव, अंगठ्यातली कमी झालेली ताकद, सुया आणि सहा महिने हे सगळं एका ओळीत ठेवलं की माणूस कुठे पोचतो, हे तुमच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार? मोटर न्यूरॉन डिसीज. मी एकटीच पोचले तिथे, रात्री, फोनच्या उजेडात.

तेव्हापासून मी रोज स्वतःला तपासते. स्वयंपाकघरात टाचांवर चालून बघते, मग चवड्यांवर. आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का पाहते. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थोडी थरथरते, हे कळायला मध्ये बरेच दिवस गेले. ते तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असतात.

पतसंस्थेत कॅशवर बसते मी. मोजायचं मशीन आहे, पण फाटक्या, चिकटलेल्या नोटा हातानेच सोडवाव्या लागतात, आणि तिथे अंगठा कधी साथ देतो, कधी नाही. संध्याकाळी कॅश जुळली की बाकीचे बॅगा उचलतात. मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस दाबून बघते, झडायला लागलं का म्हणून.

सहा महिन्यांनी मी आले. परत करायची ती ईएमजी कुठे गेली?

फाइल चाळलीत, गुडघ्यावर हातोडी मारलीत, मला बिल भरायला पाठवलंत आणि ह्यांना थांबवून घेतलंत. परतताना खंबाटकी घाट चढून होईपर्यंत हे गप्प होते. मग म्हणाले, "मनाचं आहे म्हणतात. तू फार विचार करतेस." शरीर माझं, फी माझ्या पगारातली, चप्पल माझ्या पायातली. मग निदान ह्यांना का?

आणि ती गोळी? "नसांना आराम पडेल," म्हणालात. औषधाच्या दुकानातल्या मुलानं सांगितलं, "मावशी, ही डिप्रेशनवर देतात, एकदम बंद नका करू." मी गोळीला नाही म्हटलं नसतं. पण ती कशासाठी आहे, हे मला त्या पोराकडून कळावं?

तुम्हाला खरंच तसं वाटत असेल, तर त्यालाही नाव आहे. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. तो केवळ रिपोर्ट कोरे आले म्हणून ठरवायचा नसतो, त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. हूवरची खूण तर १९०८ सालापासूनची. उताणं झोपवून 'टाच खाली दाबा' म्हटलं तर पेशंटला दाबता येत नाही. पण दुसरा पाय उचलायला लावला की तीच टाच आपोआप खाली दाबली जाते. हल्ली काही डॉक्टर ही खूण मुद्दाम पेशंटलाच दाखवतात. बघा, पायापर्यंतची वाट शाबूत आहे, आता व्यायामानं ती परत वापरात आणू, असं सांगतात. माझा पाय तुमच्याच टेबलावर होता ना? बघितलीत ती खूण? मिळाली असेल तर मला का नाही दाखवलीत? मी रडले असते, सुटकेनं.

शार्को या डॉक्टरनं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८६९च्या सुमारास एएलएसचं, म्हणजे मला ज्याची भीती आहे त्या मोटर न्यूरॉन डिसीजचं, वर्णन केलं. त्याच रुग्णालयात त्यानं तेव्हा हिस्टेरिया म्हटल्या जाणाऱ्या ह्या दुसऱ्या आजाराच्या बायकांनाही वर्षानुवर्षं तपासलं. (त्यांना भरल्या सभेत उभं केलं, त्याबद्दल माझं त्याच्याशीही भांडण आहे.) पण दोन्ही आजार त्यानं अभ्यासाच्या लायकीचे मानले. तुम्ही एकासाठी सुया काढल्यात आणि दुसरा माझ्या पाठीमागे कुजबुजलात.

तुमच्या व्यवसायाचे २००२चे नियम मी वाचले. आजाराचं गांभीर्य वाढवू नये आणि कमीही करू नये, रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना त्याची कल्पना असावी, असं त्यात आहे. म्हणजे नियम मोडला असंही मला म्हणता येत नाही. तुम्ही त्यातली सोपी वाट घेतलीत, एवढंच.

तुम्ही ह्यांना दिलेला दिलासाही टिकला नाही, हे कळवते. परवा रात्री मला जाग आहे हे पाहून हे म्हणाले, "हॉकिंगना ह्याच आजारात १९६३ मध्ये दोनच वर्षं दिली होती ना? २०१८ पर्यंत जगले." मनाचं आहे अशी ज्याची खात्री आहे, तो माणूस बायकोला हॉकिंगचा दाखला कशाला देईल? आता आम्ही दोघंही घाबरलोय, आणि एकमेकांना सांगत नाही.

मला माझ्या फाइलची प्रत हवी आहे. मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते, तेही त्याच नियमांत आहे. अर्ज रिसेप्शनवर दिलाय. सोबत तुमच्या हातानं उत्तरं हवी आहेत: ईएमजी परत करायची का, नसेल तर का नाही? गोळी कशावर आहे? आणि तुम्हाला कळलेलं नसेल, तर कबूल केल्याप्रमाणे तेही लिहा. 'नाही कळलं' एवढं वाचूनही मी दुसऱ्या दिवशी कॅशवर जाऊन बसेन.